नॉझलच्या आतली कड

व्हेरोनिकाने व्हॉल्व्ह अर्धा फिरवला आणि नॉझलचं हलणं मोजणाऱ्या डायल गेजचा काटा थयथयाट करू लागला. पितळी नॉझलमधून हवा किंचाळत सुटली होती. नॉझल डावीकडे हिसका खाई, क्षणात उजवीकडे. वर्तक सरांनी एक कान झाकून घेत दुसऱ्या हाताने ‘बंद कर’ अशी खूण केली.

वसईजवळच्या गोखिवऱ्याच्या त्या शेडमध्ये एकदम शांतता झाली.

रॉकेट जमिनीलगत असताना नॉझलमधला झोत भिंतीला शेवटपर्यंत धरून राहत नाही. मध्येच सुटतो, तोही एका बाजूने आधी, दुसऱ्या बाजूने नंतर. मग नॉझलला आडवे हिसके बसतात. झोताला सुटायचंच असेल तर मी सांगेन तिथूनच आणि चहूबाजूंनी एकदम सुटावं, हा व्हेरोनिकाचा हट्ट. त्यासाठी तिने नॉझलच्या आत धारदार कडेची एक गोल पायरी काढली होती; झोत त्या धारेवरूनच सुटणार. इथे ना रॉकेट होतं, ना आग. त्र्याऐंशी सालचा एक जुना कॉम्प्रेसर आणि वीतभर पितळ. पण तिच्या एम.टेक.चा विषय राहणार की जाणार, ते ह्याच चाचणीवर ठरायचं होतं. तिचे मार्गदर्शक वर्तक सर मुळातच नाखूश. ‘मुलींना कशाला हवीत रॉकेटं’ असं ते तोंडाने म्हणत नसत, एवढाच काय तो त्यांचा मोठेपणा!

“कल्पनाच लंगडी आहे,” ते म्हणाले. “सोमवारी विषय बदलून घे.”

व्हेरोनिकाने नॉझल सोडवलं आणि आत बोट घालून पायरी चाचपली. कड गुळगुळीत लागली. धार घासून मोडलेली होती.

“मामा, ही कड तू घासलीस?”

क्लेमेंटमामा म्हणजे तिच्या आईचे भाऊ, शेड त्यांचीच. लेथवर धातू कातणारे टर्नर म्हणून त्यांचं नाव वसईभर. त्यांनी हात पुसले, टेबलावरच्या ड्रॉइंगकडे एकदा पाहिलं.

“घासली. माझ्या हातून झाली चूक. सर, पोरीच्या डोक्यात काय खोट नाय. आठ दिवस द्या, दुसरं करून देतो.”

“तुम्हा लोकांना सांगितलेलं ऐकायचंच नसतं,” सर करवादले. “ठीक आहे. पुढचा शनिवार. शेवटचा.”

सरांची पाठ फिरताच व्हेरोनिकाने मामांना फैलावर घेतलं.

“सहा महिने रक्त आटवलं मी! आणि तुझी ती गुळगुळीत करायची हौस!”

“चहा घेतेस?” मामा म्हणाले.

ती तडक निघून गेली. पण हार मानणाऱ्यातली नव्हती. सोमवारपासून कॉलेज सुटलं की ती लेथपाशी हजर. मामांशी बोलायची ते फक्त मापांपुरतं. मामाही खाली मान घालून पितळ कातत राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी पायरी कापायची वेळ आली. ह्या खेपेला कोणावर विसंबायचं नाही म्हणून तिने ड्रॉइंग स्वतः वाचायला घेतलं. तळाच्या कोपऱ्यात, तिच्याच टपोऱ्या अक्षरात, सूचना होती: सर्व धारदार कडा मोडाव्यात. कोणाचा हात कापू नये म्हणून पहिल्या वर्षापासून प्रत्येक ड्रॉइंगखाली हीच ओळ लिहायची सवय. हात आपसूक चालला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मामा, तू हे वाचलं होतंस?”

“वाचल्याबिगर लेथ चालू करतो काय मी?”

“मग सरांसमोर बोलला का नाहीस?”

“टर्नर चुकला तर दुसरा तुकडा मिळतो. तू चुकलीस म्हटल्यावर मिळाला असता?” मामांनी चष्मा सारखा केला. “रडतेस काय? ती ओळ खोड आधी, नायतर परत मोडीन. आणि सरांना यातला चकार शब्द बोलायचा नाय.”

शनिवारी तिने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. काटा एकदा उसळला, जरासा थरथरला आणि जागेवर बसला. हवा किंचाळत होती, पण नॉझल तसूभरही हललं नाही. वर्तक सरांनी वाकून काटा पाहिला. दोनदा पाहिला. मग बॅगेतून विषयाच्या मंजुरीचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण उघडलं.

“बघा, सांगितल्याप्रमाणे केलंत तर जमतं,” ते मामांना म्हणाले. “गेल्या वेळीच केलं असतं तर?”

“चुकलं, सर,” मामा म्हणाले.

सही अजून व्हायची होती. व्हेरोनिकाने ड्रॉइंग उचललं आणि सरांच्या पेनाखाली, त्या कागदावरच पसरलं. मामा डोळ्यांनी ‘नको’ म्हणत होते. तिने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

“सर, सही करण्याआधी हे वाचा. गेल्या वेळीही मामांनी मी सांगितल्याप्रमाणेच केलं होतं.”