सत्तेचाळीस नंबरचं दार

सरकारी माणूस हसून बोलायला लागला, की कुसाबाई आधी त्याच्या हाताकडे बघायची. हातात नुसता कागद असला तर ती गप्प बसायची. टेप असली तर दारात आडवी उभी राहायची. आणि रंगाचा डबा असला, की ती मनातल्या मनात सामान बांधायला लागायची.

दोन हजार आठ सालच्या फाल्गुनात पाटाकडेच्या वस्तीत जी माणसं आली, त्यांच्याकडे तिन्ही होतं.

सातपूरच्या कारखान्यांच्या मागे, पाटाच्या कडेनं साठेक झोपड्या होत्या. बहुतेक माणसं पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांतली. बाया वर्कशॉपमध्ये झाडलोट करायच्या, पुरुष माल चढवायचे-उतरवायचे. भिंती बारदानाच्या आणि प्लास्टिकच्या. खरी वस्तू म्हणावी असं एकच, ते म्हणजे दार. मशिनं ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं. त्यामुळे रंगवाल्याला आकडा काढायला दाराशिवाय जागाच नव्हती. ज्याला दार त्याला नंबर. कुसाबाईच्या दारावर त्यानं लाल रंगात सत्तेचाळीस काढला आणि तो पुढे गेला. शेजारच्या चिमणाबाईच्या झोपडीला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता, आणि ती स्वतः कॉलनीत धुण्याभांड्याला गेलेली. तिथं तो थांबलाही नाही.

रंगवाल्याच्या पाठोपाठ मोहिनी आली. नाशिक रोडची, पंचविशीतली, गळ्यात ओळखपत्र. तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं. शहर नीट वसवायची नवी योजना आहे. पक्की घरं मिळणार, घरात नळ, घरात संडास. त्यासाठी कोण राहतं, किती जण राहतात, मुलं शाळेत जातात का, हे लिहून घ्यायचं आहे. घाबरायचं काही कारण नाही.

“तुमच्यासाठीच मोजतोय, मावशी,” ती म्हणाली.

हे वाक्य कुसाबाईनं पूर्वी ऐकलं होतं. बारा वर्षांपूर्वी ती दुसऱ्या एका नाल्याकाठी राहायची. तिथंही माणसं आली होती, चुन्यानं आकडे काढले होते, असंच गोड बोलली होती. दोन महिन्यांनी गाड्या आल्या आणि सगळ्यांना शहराच्या पार टोकाला नेऊन सोडलं. तेव्हा तिचा योगेश पाचवीत होता. शाळा सात किलोमीटर मागं राहिली. काही दिवस तो चालत गेला, दिवाळीनंतर गेलाच नाही. आता तो चांदवडला कांद्याच्या खळ्यावर हमाली करत होता. पण आता तिची धाकटी मुलगी निकिता नववीत होती, जूनमध्ये दहावीत जाणार होती, आणि तिची शाळा वस्तीपासून बारा मिनिटांवर होती. ही बारा मिनिटं कुसाबाईला जपायची होती. नळ आणि संडास नंतरचे.

म्हणून मोहिनीच्या माणसानं झोपडीला टेप लावली, तेव्हा कुसाबाई त्याच्या पाठीशी उभी राहिली. तो गेल्यावर तिनं तीच भिंत स्वतःच्या हातानं मोजली. सहा हात आणि वर एक वीत. त्यांनी कागदावर काय लिहिलंय, हे तिनं निकिताकडून वाचून घेतलं होतं: नऊ फूट नऊ इंच. निकितानं हिशेब करून सांगितलं, बरोबर आहे. तरी कुसाबाईच्या मनात पाल चुकचुकत राहिली. इतकं बरोबर का मोजतात?

आषाढ लागला. डोंगरातली माणसं शहरात कितीही वर्षं राहोत, आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, गावी जातातच. कुसाबाईचा नवरा देवराम गावीच असायचा, दोन एकर भात आणि म्हातारी आई सांभाळत. तीन आठवडे अर्धी वस्ती ओस पडायची. आणि जाताना प्रत्येक जण आपलं दार काढून न्यायचा. मागं ठेवलं तर कुणीतरी जळणाला नेणार, हे ठरलेलं. सावळीराम एका बंद पडलेल्या वर्कशॉपचा वॉचमन होता. त्याच्या शेडमध्ये सगळी दारं ओळीनं उभी राहायची. दर वर्षीचा शिरस्ता. कुणी कुणाला सांगावं लागायचं नाही.

या वर्षी कुसाबाईपुढे पेच होता. दहावीच्या पोरीची शाळा बुडवायची नव्हती. चिमणाबाईला कॉलनीतल्या बाईंनी सुट्टी दिली नव्हती, ती वस्तीतच राहणार होती. निकितानं तिच्याकडे राहावं असं ठरलं. पण पंधरा वर्षांची पोर पोत्याच्या पडद्यामागं कशी ठेवायची? कुसाबाईनं आपलं दार उचकटलं आणि चिमणाबाईच्या झोपडीला बसवून दिलं.

“आकड्यासकट दिलंस की,” चिमणाबाई म्हणाली.

“तो तर आधी ने. माझ्या डोक्यावरची इडापिडा जाऊ दे.”

दोघी हसल्या. कुसाबाई दुसऱ्या दिवशी पेठच्या गाडीत बसली आणि तीन आठवडे गुडघाभर चिखलात वाकून राहिली.

ती परत आली तेव्हा समाजमंदिराच्या भिंतीला यादी लागली होती आणि तिच्यापुढे बायांची गर्दी होती. लोक गावाला गेलेले असताना तपासणीची दुसरी फेरी होऊन गेली होती. निकिता यादी वाचत होती आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत चालला होता. एकोणतीस झोपड्यांपुढे हातानं लिहिलं होतं, ‘रिकामी’. आणि सत्तेचाळीसपुढे नाव होतं चिमणाबाईचं, शेजारी तिचा फोटो. त्याखाली शेरा: ‘पहिल्या फेरीत कुसाबाई. क्रमांक विकल्याचा संशय. चौकशी.’

कुसाबाईनं शेरा दोनदा वाचून घेतला. मग ती सरळ चिमणाबाईच्या झोपडीशी गेली. चिमणाबाई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं आणि तिचा हात थांबला, तेव्हाच कुसाबाईला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे.

माणसं आली, त्यांनी विचारलं इथं तूच राहतेस का, ती हो म्हणाली, नाव विचारलं, सांगितलं, असं चिमणाबाईनं परातीकडे बघत सांगितलं. दाराचं कुणी विचारलं नाही.

“आणि तू बोलली नायस.”

“नाय बोलले.” चिमणाबाईनं पिठाचे हात झटकले. “तुला नको होता तो आकडा. मला तर कुणी विचारायलापण आलं नव्हतं. एकदा कुणीतरी माझं नाव लिवून घेतलं, तर मी काय त्यांचा हात धरू?”

कुसाबाई रागानं वळली आणि घरी निघाली. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. इडापिडा म्हणून आपणच तो आकडा हसत हसत दिला होता. आणि आता तो गेल्यावर तिला पहिल्यांदा वाटायला लागलं, की तो खरंच घराचा असेल तर? आकडा असला तर हलवतील, ही भीती जुनी होती. आकडा नसला तरी हलवतील, फक्त कुठंच नेणार नाहीत, हे तिच्या ध्यानात आत्ता आलं. मग बारा मिनिटंही नाहीत आणि काहीच नाही.

घरी येऊन तिनं निकितालाही विचारलं, तुला माहीत होतं का. पोरगी म्हणाली, मी शाळेत होते, मला मावशी काही बोलली नाही. कुसाबाईनं तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि स्वतःच्या पोरीकडे आपण असं बघतोय याची तिला लाज वाटली.

हरकती ऐकायला मोहिनी चार दिवसांनी आली. वस्तीत शिरताच ती थबकली. रिकाम्या म्हणून लिहिलेल्या एकोणतीस झोपड्यांना दारं होती, दारांवर नंबर होते, आत चुली पेटलेल्या होत्या. तिच्याबरोबरचा साहेब तिच्या कानाशी लागला. त्याला आणखी एक बातमी लागली होती: वॉचमनच्या शेडमध्ये म्हणे नंबरची दारं थप्पीनं ठेवलेली असतात. त्यानं सावळीरामला पुढं बोलावलं आणि दारं केवढ्याला विकतोस असं विचारलं. सावळीराम सत्तरीचा माणूस. त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, साहेब, मी भाडंपण घेत नाही.

मग पाळी कुसाबाईची आली.

“मावशी, खरं सांगा,” मोहिनी म्हणाली. आवाज मऊ होता, पण डोळे कागदावर होते. “नंबरचे किती घेतले?”

जन्मभर कुसाबाईनं दुसऱ्यांकडे संशयानं पाहिलं होतं. आपल्याकडे कुणी तसं पाहिलं की कसं वाटतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिला वाटलं, सरळ सांगावं, आकडा चिमणीनं चोरला. एका वाक्यात सुटका होती. चिमणाबाई गर्दीत मागं उभी होती, पदर तोंडाशी धरून.

“बाई, तुम्ही आषाढात आलात,” कुसाबाई म्हणाली. “आषाढात आमच्याकडं कोण घरी असतं का? कुणाला तरी विचारायचं होतंत.”

मोहिनी म्हणाली, तारीख वरून येते.

“वर भात नसंल लावत कुणी.”

गर्दीत हशा पिकला. साहेबाच्या कपाळावर आठी पडली. मग कुसाबाईनं सगळं सांगितलं: आवणी, दारं, शेड, निकिताची शाळा, पोत्याचा पडदा. चिमणाबाई गप्प राहिली, तेवढं मात्र तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली, दार मी माझ्या हातानं दिलं, पोरीसाठी. साहेबाला ते पटलं नाही. असं कुणीही सांगेल, तो म्हणाला, पुरावा काय?

“दार चालतं, साहेब. झोपडी कुठं चालती? तुमच्या फाल्गुनातल्या कागदावर सत्तेचाळीसची भिंत किती हाय? नऊ फूट नऊ इंच. लावा टेप. माझीपण लावा, चिमणीचीपण लावा.”

मोहिनीनं जुना कागद शोधला. तिथं तेच होतं, नऊ फूट नऊ इंच, पाटाकडची भिंत. तिनं स्वतः टेप धरली. कुसाबाईची झोपडी इंचाला जुळली. चिमणाबाईची सात फूट भरली. मग मोहिनी ‘रिकाम्या’ झोपड्यांकडे वळली आणि एकेक कागद जुळवत गेली. दुपार कलली तेव्हा एकोणतीसच्या एकोणतीस जुळल्या होत्या. साहेब एव्हाना सावलीत जाऊन बसला होता. मोहिनीनं यादीतला ‘रिकामी’ हा शब्द एकोणतीस वेळा खोडला आणि प्रत्येक खाडाखोडीपाशी सही केली. ती कुणाची माफी मागत नव्हती, पण तिचे कान लाल झाले होते.

चिमणाबाईचं नाव तिनं वेगळ्या कागदावर घेतलं: पहिल्या फेरीत राहून गेलेली. पुढचं वर ठरेल, ती म्हणाली. चिमणाबाईनं कुसाबाईकडे पाहिलं. कुसाबाईनं पाहिलं नाही. तेवढा राग अजून शिल्लक होता.

मग मोहिनीनं शाईचं पॅड उघडलं आणि अर्ज पुढं सरकवला. अंगठा करा मावशी, झालं तुमचं काम. कुसाबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि तसाच वर धरून ठेवला.

“निकिता, वाच.”

निकितानं वरपासून वाचलं. नाव, वय, माणसं दोन. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, ‘देण्यात येईल त्या ठिकाणी राहण्यास मी तयार आहे.’

“कुठल्या ठिकाणी?”

मोहिनी म्हणाली, जागा अजून ठरलेली नाही. जवळच असावी असा विचार आहे.

“विचार बारा वर्षांमागंपण होता. त्या विचारानं माझं पोर आज चांदवडला पोती उचलतं.” कुसाबाईचा अंगठा हवेत तसाच होता. “निकिता, पेन घे. खाली लिही. शाळेपासून चालत अर्ध्या तासाच्या आत जागा असंल, तरच.”

मोहिनीनं तिला थांबवलं. छापील अर्जावर हातानं काही लिहिता येत नाही, असं तिनं समजावलं.

“‘रिकामी’ तुम्ही हातानंच लिवलं होतं की.”

मोहिनीनं साहेबाकडे पाहिलं. साहेब फोनवर होता. तिनं अर्ज निकितापुढे सरकवला. निकितानं शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत ती ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. कुसाबाईनं मोहिनीकडे बोट केलं. आधी तुम्ही. मोहिनीनं त्या ओळीखाली सही केली, तारीख घातली. वर हे मान्य होईलच असं मी सांगू शकत नाही, मावशी, ती हळूच म्हणाली. कुसाबाईला खरं वाटलेलं तिच्या तोंडचं हे पहिलंच वाक्य. तिनं अंगठा टेकवला.

ते बघून मागची बाई म्हणाली, माझ्यावरपण तेच लिही गं पोरी. तिच्या मागची म्हणाली, माझ्यावरपण. रांग लागली. चिमणाबाईही तिच्या वेगळ्या कागदासकट रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. निकिता मांडी घालून बसली आणि एकेका अर्जावर तीच ओळ लिहू लागली. मोहिनी सह्या करत होती.

कुसाबाई घरी गेली नाही. ती मोहिनीच्या खांद्यामागं उभी राहून प्रत्येक सही बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण पहिली सही कशी दिसते ते तिनं नीट पाहून ठेवलं होतं. एकविसाव्या अर्जावर मोहिनीनं कंटाळून नुसतीच रेघ ओढली.

“ही तशी नाय,” कुसाबाई म्हणाली. “पुरी करा.”

मोहिनीनं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि सही पुरी केली.