खरूज म्हणावं कशाला

बोईसरच्या डॉक्टर पंढरी सावेंची हयात कारखान्यातल्या माणसांचे हात तपासण्यात गेलेली, त्यामुळे कुणालाही खाज सुटो, त्यांचं एकच, केमिकल. सफाळ्याचे डॉक्टर मनीष याच्या अगदी उलट. डास चावला तरी त्यांच्या लेखी ती खरूज. आणि वाणगावच्या डॉक्टर उत्कर्षाला या दोघांचाही राग यायचा.

राग यायला कारणही तसंच घडलं होतं. वाणगावपासून आतल्या अंगाला आश्रमशाळा आहे. तिथल्या सातवीतल्या लाडकीच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं. सावे म्हणाले ॲलर्जी, मनीष म्हणाले खरूज. वसतिगृहाच्या अधीक्षिका रत्नाबाई घाबरल्या आणि त्यांनी पोरीला घरी धाडलं. घरचे वीटभट्टीवर निघालेलेच होते, तीही त्यांच्याबरोबर गेली ती परत आलीच नाही. झालं! मतं डॉक्टरांची फाटली आणि शाळा बुडाली पोरीची. उत्कर्षाला हे फार लागलं.

तिनं दोघांना एका टेबलाशी बसवलं. वाद काय थोडे झाले? चहा गार व्हायचा, डोकी तापायची. पण हळूहळू जमत गेलं. भिंगाखाली किडा दिसला, तर पक्की खरूज. किडा नाही पण कातडीत त्यानं पोखरलेली बारीक रेघ दिसली, तरी खरूजच. रेघही नसेल, तर पुरळ कुठं आहे, खाज आहे का आणि सहवास कुणाचा, हे तिन्ही जुळल्यास संशयित म्हणायचं आणि औषध द्यायचं, सोबत राहणाऱ्यांनाही. ‘घरात कुणाला खाज आहे का’ हा प्रश्न उत्कर्षानं हट्टानं काढून टाकला. वसतिगृहातल्या पोरीचं घर डोंगरापल्याड, आणि थंडीत झोपतात तिघी एका गोधडीत. विचारायचं ते गोधडीबद्दल.

सावेंनी मान डोलावली, पण अट घातली. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत तीच माणसं तपासायची, एकमेकांशी बोलायचं नाही. एक जरी निदान वेगळं निघालं, तर हे नियम गुंडाळून ठेवायचे. रत्नाबाई म्हणाल्या, “तुमचं जुळलं, तर आमी एका पोरीला घरी धाडणार नाय. सगळ्यांना इथंच औषध लावू.”

नियमांच्या परीक्षेच्या दिवशी पोरी या खोलीतून त्या खोलीत गेल्या. चिठ्ठ्या उघडत गेल्या आणि प्रत्येक जुळली. उत्कर्षाचा जीव भांड्यात पडतोय तोच सावे कुरकुरले, हे सगळे सोपे रुग्ण, कुणीही ओळखेल. अवघड कुणीतरी आणा.

आता अवघड कुठून आणायचं? उत्कर्षानं आपलीच बाही वर केली. मनगट बरेच दिवस खाजत होतं. नव्या साबणाचा प्रताप, याची तिला खात्री होती. डॉक्टरला कसली आलीय खरूज! दोघेही साबणच लिहिणार, म्हणून ती मनातल्या मनात खूशही झाली.

दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच निदान होतं, संशयित खरूज. खाली कारणंही तीच, मनगटावर पुरळ, खाज, आणि खरूज झालेल्या पोरींचे हात रोज हातात.

उत्कर्षाचे कान तापले. ती साबणाचं सांगायला लागली, तसे सावे म्हणाले, “बाई, मी तर सवयीनं केमिकलच लिहिणार होतो. पण सहवास विचारा, हा नियम तुमचाच. त्यानं माझा हात धरला.”

मग तिला हसू आलं आणि पाठोपाठ ऊर भरून आला. तिनं घडवलेला नियम तिलाही सोडत नव्हता. अभिमान वाटायला याहून दुसरं काय हवं? रत्नाबाईंनी वसतिगृहाच्या मलमाची एक नळी तिच्यापुढे ठेवली.

तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. “जितेश, मला खरूज झालीय,” ती म्हणाली, “आणि दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे.” आवाजात एवढा आनंद होता, की त्यानं आधी तिचं अभिनंदनच केलं. मग तिनं त्याला सांगितलं, की नियमाप्रमाणे आज त्यालाही मलम लावायचंय, आणि सासूबाईंनाही.