बुरुंदूक मोजणारी चेनेश

"चेनेशबरोबर जाते आहेस तर तिच्याकडे लक्ष ठेव," सासूबाई म्हणाल्या होत्या. "अस्वलाकडे पाठ करून चहा पिणारी बाई शूर नसते. तिचं काहीतरी बिनसलेलं असतं."

मी ते हसण्यावारी नेलं. आमच्या गावात ती गोष्ट सगळेच रंगवून सांगत. चेनेश जंगलात ओंडक्यावर बसून चहा पीत होती, मागून वीस पावलांवरून फांद्या मोडत अस्वल गेलं, आणि हिनं मानसुद्धा वळवली नाही. "अस्वलच लाजलं बिचारं," दुकानात बायका म्हणायच्या. मला तर ते ऐकून धीरच आला होता. अशा बाईबरोबर असलं की आपल्याला काय होणार?

चेनेश एकतीस वर्षं वनखात्यासाठी बुरुंदूक मोजत होती. बुरुंदूक म्हणजे खारीचा धाकटा भाऊ म्हणा, पण जमिनीत बीळ करून राहणारा. सैबेरियाच्या दक्षिणेला, आमच्या अल्ताईच्या डोंगरात बर्फ वितळलं की तो बाहेर येतो. शहरात जाऊन प्राणिशास्त्र शिकून आले म्हणून त्या वर्षी मला तिची मदतनीस नेमलं. माझी आयसुलू तेव्हा दहा महिन्यांची होती.

पहिल्या सकाळी मी फाटकातून पाच वेळा परत फिरले. एकदा आयसुलूची टोपी बदलायला, एकदा चुलीजवळची कात्री उचलून फडताळावर ठेवायला, बाकीच्या वेळी उगाच.

"झालं का गं, एर्केले? की चूलही बरोबर घेतेस?" चेनेश ओरडली.

"एजे, ती अजून रांगतेय." चेनेशला सगळं गाव एजे, म्हणजे थोरली ताई म्हणे.

"रांगतेय म्हणूनच तिला कळतं, आई संध्याकाळी येते. तुला कधी कळणार?"

गावामागच्या उतारावर पाइनचं जुनं रान आहे. सावलीत बर्फ होतं, उन्हात चिखल. मी वर फांद्यांकडे बघत चालले होते.

"वर बघणाऱ्याला खार दिसते," ती म्हणाली. "खाली बघ. पडलेले ओंडके, बुंध्यांची मुळं. ओंडक्यावर पाइनच्या शंकूची सोललेली सालं पडली असली की समज, कुणीतरी जेवून गेलंय."

"पाठीवर पाच काळे पट्टे, हो ना?"

"पुस्तकातला बुरुंदूक पट्टे मोजेपर्यंत थांबतो. इथला थांबत नाही. कान बघ, खारीच्या कानांवर झुपके असतात, ह्याच्या नसतात. शेपटी बारीक. डोळ्यावरून फिकट रेघ. तेवढं दिसलं की पुरे. आणि दिसायच्या आधी तो ऐकू येतो."

रीत अशी. शंभर पावलं चालायची, थांबायचं, बर्चच्या सालीची शिट्टी वाजवायची. मादीच्या हाकेसारखा तो आवाज. मग मनात दोनशे आकडे मोजत उभं राहायचं. जो समोर येईल किंवा नुसता ओ देईल, त्याच्या नावानं पाइनची एक बी डाव्या खिशातून उजव्या खिशात. थंडीत बोटांना पेन्सिल धरवत नाही, म्हणून ही युक्ती. भूक लागली तरी उजव्या खिशातली बी तोंडात टाकायची नाही, एवढा एकच नियम.

चौथ्या थांब्यावर तिनं शिट्टी वाजवली आणि माझ्या डाव्या हाताच्या बुंध्यातून लगेच बारीक, टोकदार आवाज आला. मी बी हलवली. चेनेश उजवीकडे बघत उभी होती, हात खिशाबाहेर. पुढच्या थांब्यावर तेच. मला वाटलं, मीच चुकत असेन, एखादा पक्षी असेल. एकतीस वर्षांच्या अनुभवापुढे माझी पदवी ती काय!

उतरताना तिनं उजवा खिसा ओंडक्यावर रिकामा केला. आठ बिया.

"तुझ्या?"

माझ्या तेवीस होत्या. त्यातल्या पंधरा मी खिशातल्या खिशात वेगळ्या केल्या आणि आठ दाखवल्या.

"जुळलं," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. "तिसरं वर्ष. संपत चाललेत गं. पूर्वी या उतारावर शिट्टी वाजवली की चौफेर गलका व्हायचा. आता कसं मेल्यासारखं झालंय रान."

त्या आठचा अर्थ मला माहीत होता. सलग तिसऱ्या वर्षी आकडा पडला तर बुरुंदूकांना खायला उरावं म्हणून वनखातं उतार दहा वर्षं बंद करणार होतं, शरदात कुणालाही बिया वेचता येणार नव्हत्या. गावात निम्म्या घरांचा हिवाळा त्या बियांवर निघतो. लोक चेनेशशी बोलेनासे झाले होते. तरी ती खोटा आकडा लिहिणाऱ्यांतली नव्हती.

घरी आल्यावर मी आयसुलूच्या पाठीमागे जाऊन किल्ल्यांचा जुडगा वाजवला. ती जन्मल्यापासून मी हे रोज करायचे. तिला ऐकू येतं ना, याची खात्री मला एका दिवसापेक्षा जास्त पुरत नसे. ती वळली, हसली.

सासूबाई तल्कान, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, चहात कालवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं?"

"एने, त्या अस्वलाचं तुम्ही बरोबर म्हणत होतात," मी म्हणाले. सासूबाईंना मी एने म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी रानात चेनेश बुटाची नाडी बांधायला वाकली. मी तिच्या मागे दोन पावलांवर किल्ल्या वाजवल्या. मग जोरात वाजवल्या. तिनं नाडी बांधली, गाठ ओढून बघितली आणि उठून चालू लागली. माझं बोलणं तिला कळत होतं, माणसाचा आवाज जाड असतो. बारीक आवाज तेवढे गेले होते.

परत फिरावं असं फार वाटलं. गप्प राहणं सोपं होतं, आणि वयाचा मान राखल्यासारखंही दिसलं असतं. पण हिच्या मागून पुन्हा अस्वल येईल, हे डोक्यातून जाईना. पुढच्या थांब्यावर तिनं शिट्टी वाजवली, आणि मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"एजे, डावीकडच्या बुंध्यावर एक ओरडतोय. आत्ता."

ती वळली. तो बुंध्यावर बसला होता, दहा पावलांवर. प्रत्येक हाकेला त्याचं सगळं अंग झटका खात होतं. चेनेश बघत राहिली.

"तोंड उघडतोय," ती हळूच म्हणाली. "आवाज आहे?"

"आहे. कान फाटतील एवढा."

तिनं हातातल्या शिट्टीकडे बघितलं. ती पुन्हा ओठांना लावली, फुंकली, आणि विचारलं, "ही?"

"वाजतेय. छान वाजतेय."

"मला नुसती ओठाला थरथर लागते." ती ओंडक्यावर बसली. मग म्हणाली, "म्हणजे आहेत ते."

"काल तेवीस होते. मी पंधरा बिया परत टाकल्या."

"का टाकल्यास?" ती ताडकन उठली. "मोजलेला जीव परत टाकतात? हे शिकवलं का तुझ्या कॉलेजात?" बोलता बोलता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ती हसतही होती. "तीन वर्षं मी त्यांच्यासाठी रडत होते गं. मला वाटलं, तेच गेले."

दुपारीच ती वनखात्याच्या कार्यालयात गेली. तिथले प्रमुख इग्नात पेत्रोविच गडबडले. "एजे, यंदाचा आकडा नवा लिहू. मागचं राहू द्या. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. वही द्या."

तिनं तिन्ही वर्षांवर स्वतःच्या हातानं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: मोजणारीला ऐकू येत नव्हतं. खाली सही केली, पूर्ण नावाची.

"मग आता मोजणी एर्केले करेल," ते चाचरत म्हणाले.

"करेल. पण मोजणी मेअखेरपर्यंत असते, आणि मे अजून संपलेला नाही. शिट्टी वाजवायला कान लागत नाहीत."

उरलेले अकरा दिवस आम्ही असे चाललो: ती पुढे शिट्टी घेऊन, एक हात पाठीमागे, तळवा उघडा. मी मागे. बुरुंदूकनं ओ दिली की मी तिच्या तळव्यावर बोट टेकवायचे. डावीकडून आली तर अंगठ्याशी, उजवीकडून आली तर करंगळीशी. ती तिकडे वळायची, बघायची, आणि बी हलवायची. शेवटच्या दिवशी एका थांब्यावर मी सलग सहा वेळा बोट टेकवलं. ती थांबली, पण मागे वळली नाही. नुसती मूठ मिटली आणि तशीच उभी राहिली.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी म्हातारं माणूस असेल. हल्ली पाखरं बोलत नाहीत, दारावर कुणी येत नाही, असं म्हणत असेल. त्याच्या हो ला हो करू नका, वादही घालू नका. आजच जा, त्याच्या समोर बसा, आणि विचारा, कधीपासून?