साहेब बाकावर आले

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बास्केटबॉलच्या मैदानाकडेला राखीव खेळाडूंसाठी असतो ना, तो. जाड लाकडाचा, लांबलचक आणि इतर बाकांपेक्षा चांगला वीतभर उंच. मला घडवणाऱ्या सुतारकाकांनी आधी खेळाडूंचे गुडघे मोजले होते. ताडमाड माणसं बुटक्या बाकावर बसली की गुडघे हनुवटीला लागतात.

सुरुवातीची वर्षं काय सांगू! संघ जिंकायचा आणि पोरं माझ्यावर चढून नाचायची. त्यात माझा एक पाय लचकला, पण तक्रार कसली? मग संघाचा कारभार साहेबांकडे आला. साहेब मनाने चांगले, पण त्यांना दोन गोष्टींचं भारी वेड, नवं सामान आणि उंच खेळाडू. त्यांनी गाद्यांच्या खुर्च्या आणल्या आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेले चेंडू एवढीच सोबत. फार वाईट वाटलं हो. तिकडे संघात एकाहून एक उंच गडी आले, पण एकजण दुसऱ्याला चेंडू देईल तर शपथ. संघ आपटत आपटत तळाला गेला.

शेवटी मालकांनी साहेबांना काचेच्या केबिनमधून खाली उतरवलं आणि तिथे नव्या बाईंना बसवलं. बाई स्वतः जुन्या खेळाडू. आल्या आल्या त्यांनी मला बाहेर काढून पुसलं. खुर्च्यांवर पोरं एकमेकांपासून फटकून बसतात, बाकावर खांद्याला खांदा लागतो, असं त्यांचं म्हणणं. आणि साहेबांना घरी पाठवू नका, असंही त्यांनी मालकांना सांगितलं. मालकांनी कपाळाला हात लावला. हंगाम संपेपर्यंत राहू दे, मग मात्र नारळ, असं ते म्हणाले.

तर साहेब रोज येऊन माझ्या अगदी टोकाला बसू लागले. खरं सांगू? मला आधी मजाच वाटली. ज्यांनी मला हाकललं, त्यांच्यावर आता माझ्यावर बसायची वेळ! पण ते बिचारे इतके अंग चोरून बसायचे की माझा राग काही टिकेना. पोरं त्यांच्याशी बोलत नसत. उद्या इथूनही काढलं तर घरी बसून करू काय, असं ते एकदा फोनवर बायकोला म्हणाले.

आमच्या संघात एक बुटका होता. सगळे त्याला वाटाणा म्हणत. स्वतः गुण फारसे करायचा नाही, पण ज्याला चेंडू हवा नेमका त्याच्या हातात द्यायचा. एक दिवस दुसऱ्या संघाचा निरोप आला की वाटाणा आम्हाला द्या आणि आमचा ताडमाड जिराफ घ्या. जिराफ सराव सामन्याला आला आणि काय खेळला म्हणता! बाईसुद्धा भुलल्या. दमल्यावर तो साहेबांशेजारी बसला आणि डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला. साहेबांनी हळूच विचारलं, कोण पुढे आहे? त्याला पत्ताच नव्हता. तो बाहेर आला की त्याच्यापुरता खेळ संपला.

साहेब बराच वेळ चुळबुळत राहिले. बोलावं, तर लोक म्हणणार, जळतोय. शेवटी ते उठून बाईंकडे गेले.

"बाई, याला घेऊ नका. असलीच माणसं घेऊन मी संघ बुडवला."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि वाटाण्याला ठेवून घेतलं.

त्या वर्षी आम्ही काही अजिंक्य झालो नाही, पण तळातून वर आलो आणि शेवटचा सामना वाटाण्याने दिलेल्या चेंडूवर जिंकलो. मालक खुशीत खाली आले. आता साहेबांना मोकळं करू या, तुम्हाला त्यांची गरज काय, असं त्यांनी सगळ्यांदेखत बाईंना विचारलं. साहेब माझ्या टोकाला बसून निमूटपणे पिशवी आवरू लागले.

"मालक," बाई म्हणाल्या, "संघ कसा बुडतो ते यांना तोंडपाठ आहे. हे गेले तर ते मला पहिल्यापासून शिकावं लागेल, तेही तुमच्याच संघावर."

सगळ्यात आधी हसले ते साहेब, आणि असे हसले की मी चारी पायांवर गदगदलो. मग पोरं हसली, मालकही हसले आणि साहेबांच्या जाण्याचा विषय तिथेच मिटला.

म्हणून मित्रांनो, चुकलेल्या माणसाला लगेच अडगळीत टाकू नका. त्याला आपल्यात बसवा आणि बोलतं करा. नुसता बसून राहिलेला माणूस हळूहळू लाकडाचा होतो. आणि लाकूड व्हायला मी आहे की इथे!