कॅपिटल अक्षरांना पाच गुण

कुंडलिक फडतऱ्याला रोज सकाळी तीस-चाळीस माणसं झापत असत, आणि त्यांतल्या एकाचंही तोंड त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

कोलशेतच्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा. विभाग म्हणजे तो एकटाच. कल्याणहून पहाटेची एसटी धरून तो साडेसातला कचेरीत हजर व्हायचा, कारण साडेनऊला माणसं यायच्या आत टेलिफोनची लाइन रिकामी असायची. ते दोन तास तो ‘चाळण’ला द्यायचा. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या ई-मेलमध्ये जाहिरातींचा कचरा येऊ लागला तेव्हा तो गाळायला त्यानं हा प्रोग्राम लिहिला होता आणि इंटरनेटवर फुकट ठेवून दिला होता. नुसता प्रोग्राम नव्हे, त्यातली एकूण एक ओळ. ज्याला हवी त्यानं वाचावी, बदलावी. लोकांनी तो घेतला. १९९८च्या मार्चपर्यंत जगभरात दोन-अडीचशे सर्व्हरवर चाळण चालत होती, आणि तिथं काहीही बिनसलं की लोक कुंडलिकला लिहीत. आभार मानायला कोणी लिहीत नसे. ‘तुझ्या नव्या आवृत्तीनं माझ्या बायकोचं पत्र फेकलं.’ ‘तुझ्या नव्या आवृत्तीनं कचरा आत सोडला.’ कधी कधी दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या असत.

कंपनीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

चाळणीचं काम परीक्षकासारखं होतं. आलेल्या प्रत्येक पत्राला ती दोषाचे गुण द्यायची. दहा झाले की पत्र फेकायची, आणि पाठवणाऱ्याला तसं कळवायचीही नाही. कळवलं तर जाहिरातवाले शहाणे होतात. कोणत्या दोषाला किती गुण, हे नियम जगभरचे लोक सुचवत. नोव्हेंबरात फिनलंडच्या विर्ता नावाच्या विद्यार्थ्यानं एक नियम पाठवला: अख्खं पत्र कॅपिटल अक्षरांत असेल तर पाच गुण. कुंडलिकनं तो जमवलेल्या सहाशे कचरापत्रांवर आणि स्वतःच्या चांगल्या पत्रांवर चालवून पाहिला. नियम अचूक निघाला. त्याची चांगली पत्रं सगळी प्रोग्राम लिहिणाऱ्यांची होती, हे तेव्हा त्याच्या मनात आलं नाही. कंपनीची पत्रं त्याच मशीनवर होती, पण दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही हा त्याचा शिरस्ता होता.

मार्चच्या पहिल्या सोमवारी एक्स्पोर्ट मॅनेजर कारखानीस साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मंदाकिनी वैती आधीच तिथं उभ्या होत्या. वैतीबाई कंपनीच्या टेलेक्स ऑपरेटर. चेंदणी कोळीवाड्यातलं माहेर, वर्तकनगरला सासर, वय त्रेपन्न. दूरच्या यंत्रावर निरोप छापणारी ती टेलेक्सची लाइन दोन वर्षांपूर्वी बंद झाली तेव्हा त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आणि फॅक्स आले, आणि एक्स्पोर्टची सगळी ई-मेल त्यांच्या हाती गेली.

“रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला तीन पत्रं पाठवली म्हणतात या,” कारखानीस म्हणाले. “त्यांना एकही मिळालेलं नाही. मी फोन केला होता. पत्र गेलं की नाही, एवढंच मला सांगा.”

कुंडलिकनं नोंदी पाहून ठेवल्या होत्या. “गेलंय साहेब. तिन्ही वेळा त्यांच्या सर्व्हरनं घेतलंय.”

“मग ते गेलं कुठं? पत्ता चुकला असणार.”

“पत्ता बरोबर आहे,” वैतीबाई म्हणाल्या. “जानेवारीपर्यंत त्याच पत्त्यावर जात होती.”

“बाई, यंत्र बदललं की माणसाला जमेलच असं नसतं. त्यात कमीपणा नाही.” कारखानीसांनी टेबलावरचा कागद थोडा सरकवला. “हेड ऑफिसला शुक्रवारी स्वेच्छानिवृत्तीची नावं द्यायची आहेत. तुम्हीही विचार करा.”

बाहेर आल्यावर वैतीबाई चार पावलं पुढं गेल्या. मग म्हणाल्या, “स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी. पाच वर्षं राहिलीत रे अजून. घरी बसून काय जाळी विणू? ती पण येत नाहीत मला.”

“मंदाताई, ते पत्र मी बघू का?”

“बघ की. प्रेमपत्र आहे थोडंच.”

कुंडलिकनं पत्र उघडलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं कॅपिटल. वर ‘अर्जंट’. मध्ये डॉलरमधला भाव. शेवटी ड्रमांचे आणि किलोंचे आकडे पुन्हा एकदा ओळीनं, आणि त्याखाली अधिकची तीन चिन्हं. त्यानं पत्राची एक प्रत चाळणीतून काढली. कॅपिटल अक्षरांना पाच. आकड्यांच्या पुनरुक्तीला तीन. अर्जंटला दोन, डॉलरला दोन, अधिकच्या चिन्हांना दोन. चौदा.

रॉटरडॅमहून आलेल्या पत्रांच्या डोक्यावरची तांत्रिक नोंद त्यानं पाहिली. जानेवारीपर्यंत तिथं काही नव्हतं. फेब्रुवारीपासून चाळणीची खूण होती. आवृत्ती एक पॉइंट चार, म्हणजे ताजी.

“सगळं कॅपिटलमध्ये का लिहिता तुम्ही?” त्यानं विचारलं.

“टेलेक्सला स्मॉल होतंच कुठं? आणि आता साहेबलोकांना स्मॉलमध्ये लिहायचं म्हणजे कसं वाटतं ते. घरच्याला चिठ्ठी लिहिल्यासारखं.”

“आणि आकडे दोनदा?”

“लाइनीवर खरखर आली की आकडा बदलतो. एकाचे सात होतात. म्हणून शेवटी परत द्यायचे, समोरच्यानं ताडून बघायचे. आणि तीन अधिक म्हणजे संपलं, पुढं काही राहिलं नाही. पंचाहत्तर साली शिकवलं मला हे. तेव्हापासून माझ्या हातून एक ड्रम चुकलेला नाही.” मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “का रे? काय चुकलं?”

हीच वेळ होती सांगायची. कुंडलिक म्हणाला, “काही नाही. स्मॉलमध्ये लिहून बघू या एकदा.”

वैतीबाईंनी मंगळवारी तेच पत्र स्मॉलमध्ये लिहिलं. नेहमीच्या दहा मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला त्यांचं बोट अडखळत होतं. पत्राचे गुण आता नऊ झाले होते, म्हणजे काठावर पास. तरी रॉटरडॅमहून उत्तर नाही. आणि ते का नाही हे कुंडलिकला बसल्या जागी कळलं, कारण तो भाग त्यानं स्वतः लिहिला होता. ज्याची तीन पत्रं फेकली गेली त्याचा पत्ता चाळण लक्षात ठेवायची आणि पुढची पत्रं वाचायच्या आधीच टाकून द्यायची. या युक्तीचा त्याला अभिमान होता. उत्तर आलं नाही म्हणून वैतीबाईंनी पत्र पुन्हा पाठवलं, पुन्हा पाठवलं, आणि तिसऱ्या खेपेला दार कायमचं लागलं. आता ते रॉटरडॅमच्या सर्व्हरवाल्यालाच उघडता येणार होतं.

त्यानं सर्व्हरवाल्याला कंपनीच्या नावानं लिहिलं. उत्तर नाही. चाळणीचा कर्ता म्हणून लिहिलं असतं तर त्या माणसानं तासाभरात पत्ता सोडवला असता. पण मग ते पत्र त्यांच्या खरेदी विभागात गेलं असतं, तिथून कारखानीसांकडे आलं असतं. कुंडलिकनं ते लिहिलं नाही.

त्याऐवजी बुधवारी सकाळी त्यानं चाळण वापरणाऱ्यांच्या सामायिक यादीवर पत्र टाकलं. कॅपिटल अक्षरांचा नियम काढून टाकू या. टेलेक्सवर काम केलेली माणसं अशीच लिहितात. गुरुवारी सकाळी बावीस उत्तरं आलेली होती. सभ्य माणसं ओरडत नाहीत, असं एकानं लिहिलं होतं. टेलेक्स ही काय चीज आहे, असं दुसऱ्यानं. नियम काढलास तर मी दुसरा प्रोग्राम घेईन, असं तिघांनी, आणि त्यांतल्या एकानं दुसरा प्रोग्राम कोणता घ्यावा हेही कुंडलिकलाच विचारलं होतं. विर्तानं फक्त एक ओळ लिहिली होती: त्यांना कॅप्स लॉकची कळ दाखव. कुंडलिकनं चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि चारही वेळा खोडलं. पंचाहत्तर सालापासून एक ड्रम न चुकलेल्या बाईबद्दल ते लिहायचं होतं, आणि ती बाई पंधरा फुटांवर स्मॉलमध्ये पत्र लिहीत बसली होती. का, हे तिला माहीत नव्हतं.

शुक्रवारी सव्वादहाला वैतीबाई त्याच्या टेबलाशी आल्या. हातात फॅक्सचे दोन कागद होते. कारखानीसांनी रॉटरडॅमला फॅक्स करून खुलासा मागितला होता. त्याचं हे उत्तर. आमच्या कॉम्प्युटर विभागाला विचारलं, असं पहिल्या पानावर होतं. तुमची पत्रं आमच्या गाळण्याच्या प्रोग्रामनं फेकलेली आहेत. प्रोग्राम नावाजलेला आहे, त्याच्या माहितीपत्राचं पान सोबत जोडलं आहे. दुसऱ्या पानावर कॅपिटल अक्षरांचा नियम छापला होता आणि खाली कर्त्याचं नाव होतं.

“के. फडतरे, कल्याण,” वैतीबाई म्हणाल्या. “कल्याणात के. फडतरे किती असतील रे?”

कुंडलिकनं कागद घेतला नाही. “मीच.”

“सोमवारी माहीत होतं तुला?”

“पत्र बघितल्यावर कळलं.”

“म्हणजे सोमवारीच.” त्यांचा आवाज चढला नाही. “चार दिवस मला बालवाडीतल्यासारखं स्मॉल गिरवायला लावलंस. मला वाटलं, माझाच हात गेला. काल रात्री लेकीला म्हणाले, सही करून टाकते त्यांच्या कागदावर.”

“मंदाताई, मी सोडवायला बघत होतो...”

“गपचूप सोडवायला बघत होतास. फरक आहे.” त्यांनी दोन्ही पानं नीट जुळवली. “हा फॅक्स साहेबांच्या नावे आलाय. माझ्या हातात आलेला कागद मी आजवर दाबलेला नाही, तुझ्यासाठीही दाबणार नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर मी तो आत नेणार. त्याच्या आधी तू जातोस का, ते तू बघ.”

कुंडलिक लगेच उठला. सुट्टीपर्यंत थांबला असता तर पाय निघाले नसते.

कारखानीसांनी सगळं ऐकून घेतलं. गुण, नियम, तीन पत्रं, बंद झालेलं दार. मध्ये दोनदा त्यांनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे आपल्याच माणसानं आपलं पत्र अडवलं,” ते अखेर म्हणाले.

“हो साहेब.”

“आणि तेही फुकट.”

कारखानीसांनी स्वेच्छानिवृत्तीच्या यादीचा कागद ओढला, एका नावावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि शेजारी सही केली. “वैतीबाईंचं नाव जात नाही. त्यांच्याशी मी बोलेन, ते माझं काम आहे. तुमचं काम असं: रॉटरडॅमचं आजच्या आज मार्गी लावा, आणि हे जे काही चाळण-बिळण आहे ते संध्याकाळी सहापर्यंत कंपनीच्या मशीनवरून गेलं पाहिजे. घरी करायचं तर करा.”

घरी कॉम्प्युटर नव्हता, टेलिफोनही नव्हता. हे साहेबांना माहीत नव्हतं आणि कुंडलिकला सांगावंसं वाटलं नाही.

त्यानं रॉटरडॅमला कर्ता म्हणून लिहिलं. दुपारी लाइन जोडली तेव्हा उत्तर आलेलं होतं: पत्ता मोकळा केला आहे, आपल्याशी पत्रव्यवहार झाला हा सन्मान समजतो. ते वाचून त्याला बरं वाटण्याऐवजी रागच आला. मग त्यानं यादीवर लिहिलं की सहा वाजता मी चाळण सोडतो आहे, कोणी घेणार का. बावीस जणांपैकी एकच तयार झाला, तो विर्ता.

आता चार तास होते. नियम काढून नवी आवृत्ती देता आली असती, पण विर्तानं तो पंधरवड्यात परत घातला असता. कुंडलिकनं विचार केला आणि वैतीबाईंच्या टेबलाशी गेला.

“एक पत्र लिहून द्याल? तुमच्या पद्धतीनं. सगळं कॅपिटल, आकडे दोनदा, तीन अधिक.”

“आता परत कॅपिटल?”

“ते प्रोग्रामच्या आत ठेवतो, परीक्षेचा पेपर म्हणून. ज्यानं कोणी चाळण बदलली त्याला आधी तुमचं पत्र तिच्यातून पास करून दाखवावं लागेल. नाही झालं तर मशीन सांगेल, तुझी आवृत्ती नापास.”

वैतीबाईंनी की-बोर्ड जवळ ओढला. “कुणाच्या नावे?”

“कुणाच्याच नाही. नमुना आहे.”

“कुणाच्याच नावे नाही असं पत्र मी टाइप करत नाही.”

“मग विर्ता म्हणून एक आहे फिनलंडला. उद्यापासून चाळण तोच सांभाळणार. त्याच्या नावे करा.”

सात मिनिटांत पत्र तयार झालं. अर्जंट, अटेन्शन मिस्टर विर्ता. बारा ड्रम निळ्या रंगाचे, वजन, डॉलरमधला भाव, पोच एक्स्पोर्टच्या पत्त्यावर त्वरित कळवावी, शेवटी आकडे पुन्हा, आणि तीन अधिक. कुंडलिकनं ते जुन्या चाळणीतून काढलं: चौदा. नियम काढून नव्या चाळणीतून काढलं: नऊ. त्यानं पत्र आवृत्तीत घातलं, आवृत्ती इंटरनेटवर चढवली, आणि पावणेसहाला मशीनवरचा चाळणीचा सगळा कप्पा पुसून टाकला. पुसायला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

सोमवारी तो पहिल्यांदाच इतरांबरोबर साडेनऊला आला. वैतीबाईंनी त्याला हातानंच बोलावलं. रॉटरडॅमचं उत्तर आलं होतं, ते त्यांनी साहेबांकडे दिलं होतं. खाली आणखी एक पत्र होतं. मिस्टर विर्तांनी नव्या आवृत्तीतलं आपल्या नावचं पत्र वाचलं होतं आणि पोच कळवली होती. मिळालं, एवढा एकच शब्द, तोही स्मॉलमध्ये.

“शेवटी रिगार्ड्ससुद्धा नाही,” वैतीबाई म्हणाल्या. “असल्याच्या हातात दिलंस?”

“घ्यायला दुसरं कोणी नव्हतं,” कुंडलिक म्हणाला.