बिनआवाजाची गोफण

“हात फिरव, कडूबा. तोंड न्हाई!” लालमियाँचाचांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

कडूबा म्हणजे आमचे हे. त्यांना त्या हिवाळ्यात शिकारीचं वेड लागलं. ठासणीची बंदूक घ्यायची म्हणून दावणीची एकुलती गाय, चंद्री, तीर्थपुरीच्या बाजारात न्यायचं ठरलं. मी तुळशीला पाणी घालून जप करताना चंद्रीकडं बघत राहायची, एवढंच.

लालमियाँ गावचे जुने शिकारी. त्यांच्या कानावर गेलं तसं त्यांनी अंबाडीच्या दोरीची गोफण यांच्या हातात दिली. “बंदूक मंग. आधी हिच्यासंगं काळविटाजवळ जाऊन दाखव.”

“चाचा, गोफण तर आमच्या बायका पाखरांवर फिरवत्यात!”

“मंग जल्दी शिकशील की, त्यांनाच पूस!”

पहिल्याच दिवशी फजिती झाली. हरभऱ्यात कळप चरत होता. यांनी गोफण फिरवली आणि पाखरं राखायच्या सवयीनं दगडाआधी आरोळीच सुटली, “हुर्र्र्या!” कळप पार नाल्यापल्याड. लालमियाँ पोट धरून हसले. “बंदूक राह्यली असती तर बार बिलकुल फुकट गेला असता. आता काय गेलं? दगड! उचल दुसरा.”

मग हे रोज पहाटे दगड उचलत राहिले. वाऱ्याकडं तोंड, ओठ दाताखाली.

बाजाराच्या आदल्या सकाळी मी न्याहारी घेऊन गेले आणि बांधाआडच खाली बसले. हे पोटावर सरकत वीस पावलांवर पोचले होते. काळविटानं मान उचलली. पिळाच्या शिंगांवर दंव, नाकातून वाफ. माझा जप ओठांतच थांबला. देवाची वस्तू इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, चंद्री राहिली तर उद्याचं पहिलं दूध चाचांच्या घरवालीला, जन्नतबीला.

हे गुडघ्यावर उठले. गोफण फिरली, तोंडातून चकार शब्द नाही. दगड शिंगाला टण्णकन लागला. काळवीट पुरुषभर उंच उडालं, मागोमाग सगळा कळप, जणू जमीन त्यांना लागतच नव्हती.

“चुकला!” मला बांधाआड बघून हे म्हणाले. तोंडावर हसू. वाकून दुसरा दगड उचलला. “त्येचा डोळा बघितला का गं? बंदुकीनं लांबून काय दिसलं असतं? मला अजून लई शिकायचंय. गाय ऱ्हाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी धार काढली आणि कुणाला न सांगता, भरला तांब्या पदराआड धरून मी जन्नतबीच्या घराची वाट धरली.