काही नको म्हणणाऱ्यांची बॅटरी

सांगा बरं, भरवसा कोणावर ठेवावा? "मला भरपूर लागतं" असं तोंडावर सांगणाऱ्यावर, की "छे, मला कुठं काय लागतंय" म्हणणाऱ्यावर? घाई करू नका. मी दुसऱ्यावर ठेवला आणि पस्तावले.

मी बॅटरी बोलतेय. पोर्तो रिकोच्या डोंगरात, सेर्रो ओंदो वाडीत, आन्सेल्मोच्या किराणा दुकानामागं मी भिंतीला टेकून उभी आहे. कपाटाएवढी, करड्या रंगाची. धंदा म्हणाल तर दुकानदारीचाच. छपरावरच्या सौर पॅनेलकडून माल घ्यायचा आणि तारेची वीज गेली की बारा घरांना द्यायचा. फक्त गिऱ्हाइकाला "आज नाही" म्हणायची सोय मला नाही.

मोठ्या वादळानंतर ही वाडी अकरा महिने अंधारात होती. तार परत आली, पण आठवड्यातून दोनदा जायची. मग सरकारी मदत आणि वाडीची मेहनत मिळून मला आणलं. शेवटच्या चढावर ट्रक चढेना, तेव्हा माणसांनी दोर लावून ओढलं. दारात खुर्ची टाकून बसलेली एकाहत्तर वर्षांची दोन्या एनेइदा, म्हणजे वाडीची एनेइदा आजी, ओरडली, "अरे मेल्यांनो, नवरीला असं फरफटत आणतात का?"

चुलीच्या धुरानं तिची फुप्फुसं गेली होती. नाकात नळी, शेजारी विजेवर चालणारं प्राणवायूचं यंत्र. तार गेली की तिचा श्वास माझ्या हातात. म्हणून नियम ठरला: आधी एनेइदाचं यंत्र, मग घरागणिक तीन दिवे आणि एक फ्रीज. ज्यानं जे वापरलं ते दुकानातल्या वहीत लिहायचं.

आता इथल्या माणसांची खोड ऐका. कॉफी विचारली तर दोनदा नको म्हणतील, तिसऱ्यांदा पेला हातात घेतील. गरज आहे असं कबूल करायचं म्हणजे यांना उघडं पडल्यासारखं वाटतं. मग शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वहीत जास्त कोण लिहिणार?

"प्रोविदेन्सिया, एकच दिवा लिहिलास," आन्सेल्मो आपल्या शेजारणीला म्हणाला. "मग तुझा पंखा कशानं फिरत होता?"

"देवाच्या कृपेनं. तुझ्या पेटीतलं डुकराचं मटण कशानं गार राहतं रे? तेही त्याच्याच कृपेनं ना?"

दोघं खळखळून हसले. आन्सेल्मोनं आपल्या नावापुढं 'दोन दिवे' लिहिले. मटणाची मोठी पेटी, म्हणजे त्याचा डीप फ्रीझर, माझ्याच जिवावर चालायची, ती लिहिली नाही.

मला हसू आलं नाही. किती माल उरला ते दाखवणारी माझी आकड्यांची काच पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेनं आंधळी झाली होती आणि ती दुरुस्त करावी असं कुणाच्या मनात आलं नाही. वही होती ना!

तिसऱ्या वर्षी राजधानीच्या कचेरीतून एक बाई आल्या. गरीब डोंगरवाड्यांना सरकार आणखी एक बॅटरी देणार होतं, गरज दिसली तर. आन्सेल्मोनं त्यांना कॉफी दिली, पाव-चीज दिलं.

"वीज पुरते का?" बाईंनी विचारलं.

"पुरते? उरते!" प्रोविदेन्सिया म्हणाली.

"आणि तुमचं, आजी?"

"माझं काय, पोरी," एनेइदा हसली. "कमी पडली तर दोन श्वास कमी घेईन."

सगळे हसले. बाईंनी वहीचे फोटो काढले. दोन महिन्यांनी पत्र आलं: सेर्रो ओंदोचा वापर क्षमतेच्या निम्म्याहून कमी, सबब दुसरी बॅटरी मंजूर नाही. आन्सेल्मोनं ते दुकानात वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "कागदावर आपण फारच सुखी आहोत की."

दर वेळी तार गेली की मी तळाला लागत होते. ते कुणाला दिसणार?

नाताळच्या आधी पाऊस लागला. वादळ नव्हे, नुसता पाऊस. तार गेली ती गेलीच. तीन दिवस सूर्य नाही, माझ्याकडं माल नाही. दुकानात आन्सेल्मोची पेटी सणाच्या मटणानं गच्च, प्रोविदेन्सियाचं कपडे धुण्याचं यंत्र चालू, बाकी घरांतही काय काय. प्रत्येकाला वाटलं, आपलं एवढंसं, त्यानं काय होतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी संपले.

आन्सेल्मो धावत आला. त्यानं पेटीची पिन उपटली, माझ्या अंगावर थापा मारल्या. "दे गं, थोडं तरी दे!" कुठून देऊ?

एनेइदाकडं प्राणवायूचं जादा नळकांडं नव्हतं. आरोग्यसेविका महिन्यापूर्वी द्यायला आली, तेव्हा एनेइदाच म्हणाली होती, "मला नको, खरी गरज असेल त्याला दे." तिला जीपमध्ये घालून खाली नेलं. रस्ता चिखलानं निसटला होता. दवाखाना दिसायच्या आत ती गेली.

आता चार घरांना कुलूप आहे. प्रोविदेन्सिया लेकीकडं फ्लोरिडाला गेली. सारखी तळाला लागून माझ्या पोटात आता निम्माच साठा राहतो. मला बदलायला कुणी येईल असं वाटत नाही. आन्सेल्मो कधी सकाळी इथं येऊन बसतो. परवा म्हणाला, "पेटी लिहिली असती तर आपल्याला दुसरी मिळाली असती, नाही?" मिळाली असती. पण मला त्याला हो म्हणता येत नाही, आणि आलं असतं तरी म्हटलं नसतं.

तुमच्या गावात माझ्यासारखी कुणी आली तर एवढं करा. घेतलं तेवढं लिहा, लागतं तेवढं लिहा, शेजारी बघत असला तरी लिहा. माझा हिशेब चुकला, तुम्ही तुमचा खरा ठेवा.